थंडी कुणाची, झूल कुणाला

मराठी घरात थंडी वाजते एकाला आणि स्वेटर चढतो दुसऱ्याच्या अंगावर. आईला शिरशिरी आली की मुलाच्या कानांवर मफलर आवळला जातो. सुनेने रात्री पांघरूण ओढून घेतलं की सकाळी सासऱ्यांना कानटोपी सक्तीची होते. अलीकडे घरात गुंडाळायला माणसं पुरेनाशी झाल्यामुळे ही माया जनावरांकडे वळली आहे. पुण्यात डिसेंबरात पारा बारावर आला की टेकडीवर सैबेरियन हस्की जातीची कुत्री चौकड्यांचे स्वेटर घालून हिंडताना दिसतात. यांचे पूर्वज बर्फावरून गाड्या ओढायचे. त्यांतला एखादा चढावर जीभ बाहेर काढून धापा टाकत असतो, आणि दोरी धरलेल्या बाई म्हणतात, "बघा ना, थंडीने कसा झालाय बिचारा!"

घोडा या मायेतून शहरात तरी सुटला आहे. तो फ्लॅटमध्ये मावत नाही आणि आपल्या आयुष्यात येतो तोही वरातीपुरता. त्या दिवशी लक्ष घोड्यावर नसून वर बसलेल्या, लगाम कसा धरायचा हे न कळणाऱ्या गृहस्थांवर असतं. पण ज्यांच्या दारात खरोखर घोडा आहे त्यांचं काय चालतं, हे बघायचं तर मार्गशीर्षात सारंगखेड्याला जावं.

सारंगखेडा नंदुरबार जिल्ह्यातलं, शहादा तालुक्यातलं, तापीच्या काठावरचं गाव. तिथे एकमुखी दत्ताचं देऊळ आहे आणि दत्तजयंतीला यात्रा भरते. यात्रेइतकाच, खरं तर काकणभर जास्तच, तिथला घोडेबाजार नावाजलेला. राजस्थान, गुजरात, पंजाब, उत्तर प्रदेश, कुठून कुठून घोडे येतात. मारवाडी, काठियावाडी, गुलाबी कातडीचे पांढरेशुभ्र नुकरे, चार पाय आणि कपाळ पांढरं असलेले पंचकल्याणी. अंगावरचा कुठला भोवरा शुभ आणि कुठला धन्याला बुडवणारा यावर तासन्‌तास खल चालतो. पत्रिका इतक्या बारकाईने आता लग्नातही कुणी बघत नाही. दिवसा घोड्यांच्या अंगावर मखमली झुली, कपाळावर गोंडे, गळ्यात घुंगरमाळा. रात्र झाली की मखमल घडी करून पेटीत जाते आणि बाहेर निघतात गोधड्या, पोत्यांची शिवलेली पांघरुणं, लाल-काळ्या पट्ट्यांची घोंगडी. एका उमद्या काळ्या घोड्याच्या पाठीवर मी कमळांच्या छापाची डबलबेडची रजाई पाहिली. तिच्या कोपऱ्यावर दुकानाची किमतीची चिठ्ठी अजून लटकत होती.

खानदेशाचा उन्हाळा सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. थंडीची कीर्ती तेवढी पसरलेली नाही. पण सातपुड्यावरून आणि तापीच्या पात्रावरून रात्री वारं सुटलं की माणसाचं बोलणं आखूड होतं. शेकोट्या पेटतात. भोवती उकिडवे बसलेले लोक एक बाजू भाजून झाली की दुसरी शेकोटीकडे करतात. आणि मागे, अगाडी-पिछाडी बांधलेले घोडे वाऱ्याकडे पाठ करून, मान खाली घालून, शेपटी मांड्यांत दाबून कडबा खात उभे असतात. शेकोटीकडे त्यांचं लक्षही नसतं.

तिथल्या एका म्हाताऱ्या मोतद्दाराला मी शहरी प्रश्न विचारला, "आबा, घोड्यांना थंडी वाजत असेल, नाही?"

"तुमाले वाजून राहिली ना, भाऊ?"

"हो, वाजतेय."

"मंग चहा घ्या. त्याच्या अंगावर कायले ढकलता?"

आणि चहा येईपर्यंत त्यांनी मला एक गोष्ट दाखवली. त्यांच्या सात-आठ घोड्यांत एका घोडीच्या अंगावर काहीच नव्हतं. पाठीवर दव साचलेलं. हात फिरवला तर तळवा ओला झाला. आबांनी पाठीवरचे केस अंगठ्याच्या नखाने भांग पाडावा तसे दुभंगले आणि माझं बोट धरून कातडीला टेकवलं. वरचा थर ओला, गार. आत बुंध्याशी केस कोरडे खडखडीत, आणि कातडी चांगली कोमट. मग त्यांनी शेजारच्या रजाईवाल्या काळ्या घोड्याच्या खांद्यापाशी रजाईखाली हात घालायला लावला. तिथे घाम होता. रात्री साडेदहाला, खानदेशाच्या हिवाळ्यात, कमळांखाली घोडा घामेजला होता. "त्याचा मालक इंदूरचा हाय," आबा म्हणाले. तेवढ्यात सगळा खुलासा झाला असं त्यांचं मत दिसलं.

या भांगात मोठं शास्त्र आहे. हिवाळ्यासाठी घोड्याच्या अंगावर दाट, लांब केस येतात आणि त्याची तयारी थंडी पडण्याच्या कितीतरी आधी सुरू होते. घोडं हवामानखात्यावर विसंबत नाही, दिवस किती मोठा आहे ते बघतं. जून संपला, दिवस आखूड होऊ लागले की श्रावण-भाद्रपदातच आतून हुकूम सुटतो. तसंच डिसेंबरअखेर दिवस वाढायला लागले की केस झडण्याची तयारी सुरू होते. म्हणजे आपण संक्रांतीला बाजरीची भाकरी, तिळगूळ आणि गरम कपडे यांत आकंठ बुडालेले असतो तेव्हा घोड्याने मनातल्या मनात लोकर आवरायला घेतलेली असते. थंडीच्या झुळकेबरोबर हे केस मुळाशी ताठ उभे राहतात आणि त्यांच्यामध्ये हवा अडकून राहते. ऊब ती हवा धरते. वर पांघरूण टाकलं की उभे केस आडवे होतात, हवा निघून जाते आणि घोड्याकडे स्वतःचा कोट असून नसल्यासारखा होतो. आता पांघरूण चांगलं जाड असेल तर नुकसान भरून निघतं. पातळ चादर टाकणारा मात्र घोड्याला आपल्या प्रेमापोटी थोडं गारच करून ठेवतो.

घोड्याला थंडी वाजतच नाही असा याचा अर्थ कुणी काढू नये. घोडा किती थंडी सोसतो ते तो कुठे वाढला यावर ठरतं. सौम्य हवेतल्या धडधाकट घोड्याला पाच अंशांपर्यंत ऊब टिकवायला वेगळे कष्ट पडत नाहीत. कॅनडात हिवाळ्याला सरावलेल्या घोड्यांची हीच मर्यादा उणे पंधराच्या आसपास निघाली आहे. आणि सैबेरियातल्या याकुतियात तर घोडी उणे पन्नासाच्याही खाली उघड्यावर राहतात, खुरांनी बर्फ उकरून खालचं वाळकं गवत खातात. आपल्याकडचा मारवाडी घोडा त्या मानाने पातळ कातडीचा, आखूड केसांचा. पण वाळवंटातल्या रात्रीही काही उबदार नसतात. शिवाय त्याचे कान वर टोकाशी आत वळून एकमेकांना टेकतात, त्यामुळे त्याला कानटोपी घालायची ठरवलीच तर शिंपी हात टेकेल.

कोरडी थंडी घोडा सोसतो. त्याचा बचाव मोडतो पाऊस आणि वारा एकत्र आले की. केस चिंब भिजले की आतली हवा गेली, वाऱ्याने उरलीसुरली ऊब नेली. डिसेंबरात खानदेशात अवकाळी पाऊस आला तर तिथे झूल हवी, आडोसा हवा, पाठ पुसायला कोरडं पोतं हवं. हाडं दिसणाऱ्या म्हाताऱ्या घोड्याला, नुकत्याच जन्मलेल्या शिंगराला, केस भादरलेल्या शर्यतीच्या घोड्याला पांघरूण लागतंच. पण घोड्याच्या कानाचं टोक गार लागलं म्हणून लगेच हळहळू नये. झुलीखाली हात घालावा, छातीपाशी, खांद्यापाशी बघावं. कुडकुडणारा घोडा काही लपवत नाही. त्याच्या मांड्यांचं कातडं थरथरताना लांबून दिसतं.

आता त्या कडब्याकडे वळू, कारण आबांच्या मते सगळा कारभार तिथे आहे आणि पशुवैद्यकाचंही तेच मत आहे. घोड्याच्या पोटात मागच्या बाजूला एक मोठी शेगडी असते. चोथा तिथे पोचला की असंख्य सूक्ष्मजीव तो आंबवायला घेतात आणि त्या आंबण्यातून उष्णता निघते. कडबा, गवत, भुसा, जितका चोथा जास्त तितकी शेगडी जास्त वेळ पेटती. दाण्याचं तसं नाही. हरभरा, बाजरी, जव यांनी अंगात ताकद येते, पण चंदीचा तोबरा दहा मिनिटांत रिकामा होतो आणि रात्र बारा तासांची असते. म्हणून थंडीच्या दिवसांत जाणता माणूस चंदी तीच ठेवतो आणि निजण्याआधी आणखी दोन पेंढ्या समोर टाकतो. चारशे किलोच्या घोड्याला रोज सहा ते आठ किलो सुकी वैरण लागते. कडाक्याच्या दिवसांत त्याहून जास्त. पहाटे त्याच्यासमोर कडब्याची धाटं उरलेली दिसली तर मालकाने निर्धास्त असावं. जमीन चाटून स्वच्छ झालेली दिसली तर घोड्याने उरलेली रात्र कशावर काढली याचा विचार करावा.

अर्थात केवळ कडब्यावर कुणाचं समाधान होत नाही. प्रत्येक पागेचा हिवाळी मसाला असतो आणि तो गुप्त असतो. गूळ, मेथी, ओवा, सुंठ, हळद, यातलं काहीतरी कमीजास्त. एकाने मला बाजूला घेऊन, इकडेतिकडे बघून, आवाज खाली आणून जी कृती सांगितली ती जवळपास आमच्या घरच्या डिंकाच्या लाडवांची होती, फक्त डिंक वगळून. घोड्याला गूळ आवडतो यात शंका नाही. त्याने ऊब येते की मालकाच्या हाताची ओढ वाटते, यावर मी मत देत नाही.

पाण्याकडे मात्र कुणाचं फारसं लक्ष जात नाही. उन्हाळ्यात घोड्याला पाणी पाजायची आठवण सगळ्यांना राहते, कारण तेव्हा आपल्यालाही तहान लागते. हिवाळ्यात आपण चहावर असतो. त्यात घोडा सुका कडबा खातोय, त्याला पंचवीस-तीस लिटर पाणी हवंय, आणि हौदातलं पाणी पहाटे इतकं गार की तो दोन घोट घेऊन तोंड उचलतो. पाणी कमी पडलं की आतडीत वैरण घट्ट होऊन अडकते आणि पोटशूळ उठतो. घोड्याला ओकता येत नाही, त्यामुळे पोटात अडकलेलं वर येऊन सुटका होण्याचा मार्ग त्याला बंद आहे. थंडीने घोडा दगावला असं जे म्हणतात त्यात खूपदा दोष या अडकलेल्या वैरणीचा असतो. पाणी कोमट करून दिलं की घोडे ते जास्त पितात, हे पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या संशोधकांनी पाहून ठेवलं आहे. त्याच संशोधनातली मौजेची गोष्ट अशी की गार आणि कोमट अशा दोन बादल्या शेजारी ठेवल्या तर घोडे बेधडक गार पाण्याकडे जातात. हे वाचल्यावर मला आमच्या घरातली अर्धी माणसं आठवली.

भीमथडीच्या तट्टांचं नाव आपल्या राज्यगीतात आलं आहे, यमुनेच्या पाण्यासकट. उत्तरेतला हिवाळा, यमुनेचं पाणी, आणि पुणे प्रांतातून तिथवर दौडत गेलेली तट्टं. पाणी कोमट होतं का, असं विचारायची तेव्हा कुणाला फुरसत नसणार. पण 1760 च्या हिवाळ्यात पानिपतावर जे झालं त्यात जनावरांच्या बाजूने बघितलं तर थंडी दुय्यम होती. अब्दालीने रसद तोडली, दाणावैरण संपली, आणि 14 जानेवारी 1761 च्या आधीचे कित्येक आठवडे छावणीतले घोडे उपाशी मरत होते. झुली असतील-नसतील. कडबा नव्हता, तेव्हा पोटातल्या शेगड्या विझल्या आणि उत्तरेच्या धुक्यात त्यांना दुसरा आधार उरला नाही.

त्याच भीमथडीच्या वंशातली तट्टं आजही धनगरांच्या वाड्यांबरोबर चालतात. बुटकी, रेटती, अंगावर बिऱ्हाड लादलेली. त्यांना तबेला कधी मिळत नाही. रात्री मेंढ्यांच्या कळपाशेजारी, उघड्या रानात. तबेला नसल्याचा फायदाही आहे, कारण थंडीत दारं-खिडक्या गच्च बंद केलेल्या तबेल्यात लीद-मुताचा वास साठतो, डोळे चुरचुरतात, त्या हवेने घोड्याची छाती भरते. घोडा थंडीपेक्षा कोंडलेल्या हवेने जास्त खोकतो. पण कोंडून ठेवण्याचं मराठी प्रेम आपल्याला माहीत आहे; सर्दी झालेल्या मुलाच्या खोलीची खिडकी उघडण्याची हिंमत कुणाला झाली आहे?

घोडा आणि थंडी यांची सगळ्यांत विक्षिप्त गाठ पडली ती दक्षिण ध्रुवाच्या वाटेवर. कॅप्टन स्कॉटने 1910 साली अंटार्क्टिकाला जाताना मांचुरियाकडची 19 तट्टं नेली. ती निवडण्याचं काम त्याने कुत्र्यांची पारख असलेल्या माणसाला दिलं, आणि सांभाळायचं काम आलं कॅप्टन ओट्सकडे. हा ओट्स घोडदळातला, आणि मोहिमेसाठी अर्ज केला तेव्हा मुक्कामाला होता महूला. म्हणजे इंदूरजवळ, होळकरांच्या मुलखात. सारंगखेड्याहून सातपुडा आणि नर्मदा ओलांडली की आलंच. तट्टं बघून त्याने कपाळाला हात लावला. म्हातारी, खोडील, गुडघे गेलेली. मग एकदा पदरात पडल्यावर त्याने जे केलं ते कुठल्याही चांगल्या मोतद्दाराने केलं असतं. तो त्यांच्याच गोठ्यात बसू लागला, तिथेच शेगडीवर त्यांचं खाणं रांधू लागला. बर्फाच्या मैदानावर निघाल्यावर दर मुक्कामी माणसं दमून कोसळायच्या आधी तट्टांसाठी बर्फाच्या विटांची भिंत उभी करत. वाऱ्याला आडोसा, एवढंच. घोंगड्या होत्याच. घोड्याला घामही येतो. चालून चालून भिजलेल्या केसांवर त्या थंडीत बर्फ धरायचा. कुत्र्याला असा घाम येत नाही, आणि नॉर्वेच्या अ‍ॅमंडसेनने कुत्रीच नेली होती. ध्रुवाची शर्यत तो जिंकला. ध्रुवाकडे निघालेल्या तट्टांपैकी एकही परतलं नाही आणि ओट्सही परतला नाही.

त्यानंतरचा तुकडा आपल्याकडे फारसा सांगितला जात नाही. पुढच्या खेपेला हिंदुस्थानातून सात खेचरं पाठवली गेली, हिमालयात तयार झालेली. त्यांची नावं लाल खान, गुलाब, बेगम, रानी, प्यारी अशी. त्यांना बर्फाच्या चकाकीसाठी डोळ्यांवर चष्मे होते, पायांत बर्फात रुतू नये म्हणून जोडे होते, पाठीवर झुली होत्या. 1912 च्या नोव्हेंबरात स्कॉटचा शोध घ्यायला निघालेल्या तुकडीबरोबर ही मंडळी बर्फातून चालत गेली. समोर ठेवलेला उत्तम खुराक त्यांनी नाकारला, आणि चहाचा चोथा आणि दोरखंड आवडीने खाल्ले. अंटार्क्टिकाच्या पांढऱ्या पसाऱ्यात काळा चष्मा लावून दोरखंड चघळत उभा असलेला लाल खान मला सारखा दिसतो. त्याचं चित्र कुठे मिळालं तर मी दिवाणखान्यात लावीन.

एवढ्या शतकांत झूल घालावी की नाही हे माणसाने राजाला विचारलं, वैद्याला विचारलं, शेजाऱ्याला विचारलं. घोड्याला विचारायचं सुचलं ते नॉर्वेच्या लोकांना. 2016 साली त्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांनी 23 घोड्यांना तीन पाट्या ओळखायला शिकवल्या. आडवी रेघ म्हणजे झूल घाला. उभी रेघ म्हणजे काढा. कोरी पाटी म्हणजे आहे तसंच राहू द्या. घोड्याने नाकाने पाटीला स्पर्श करायचा आणि माणसाने निमूट तसं करायचं. बक्षीस म्हणून गाजर. दोन आठवड्यांत सगळे घोडे शिकले. मग ऊन असलेल्या दिवशी ते झूल काढा म्हणून सांगू लागले आणि पावसाच्या, वाऱ्याच्या, गार दिवशी घाला म्हणून. काही घोडे तर हे एकदा कळल्यावर माणसं दिसली की स्वतःहून बोलवायला लागले. जाऊन बघितलं तर झुलीखाली घाम. पाऊस आणि वारा असेल तर हवी, कोरडं ऊन असेल तर नको. आबा चहा पिता पिता हेच म्हणाले होते, पाट्यांशिवाय.

हा प्रयोग सारंगखेड्यात करून बघायला हरकत नाही, पण निकाल शास्त्रीय राहील याची खात्री नाही. तीन पाट्यांपैकी आडव्या रेघेच्या पाटीवर कुणीतरी आधीच गूळ चोळून ठेवील, म्हणजे गिऱ्हाइकासमोर घोडा नेमका मखमली झूल मागेल. आणि दलाल इंदूरच्या पाहुण्याला कोपरखळी मारून सांगेल, "साहेब, घोडा शिकलेला आहे, लिहिता-वाचता येतं. त्याचे वेगळे पन्नास हजार."